ड्रायव्हर मिळंना

३ नोव्हेंबर २००८

टण्... टण्ण्ण् — पहिला ठोका आखूड, दुसरा लांब. गोरेगावच्या शाळेत लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. एकतीस वर्षं मी तो असाच वाजवला. विजेची घंटा आली तेव्हा तो काढून कुठं टाकला, कुणास ठाऊक.

आज तोच आवाज कॉम्प्युटरमधून आला. मागोमाग पोरांचा गलबला, पाटीवर पेन्सिलीची करकर. अन् पडदा काळाकुट्ट.

शिवकन्येनं पुण्याहून आईच्या, म्हणजे पंचफुलाच्या, नावानं सीडी पाठवली आहे. तिनं केलेला कॉम्प्युटरवरचा खेळ, आपल्या शाळेचा. सोबत चिठ्ठी — "आई, बाबांना दाखव. बघतील का, माहीत नाही." सहा वर्षांपूर्वी मीच लेकीला म्हणालो होतो, या दारात पाय ठेवू नको.

कव्हरवर दोन नावं. खालचं प्रेमसिंग. तांड्यावरचा, माझाच विद्यार्थी. वर्गात कविता त्याच्याइतकी गोड कुणी म्हणत नसे. तिनं लग्न केलं ते त्याच्याशी. ते नाव अंगठ्याखाली झाकून वरचं वाचलं.

खेळात शाळा काढली म्हणजे गुरुजी काढलाच असणार. कसा काढलाय मला? एवढंच बघायचं आहे.

४ नोव्हेंबर

खेळ विंडोजचा, माझ्या मशीनवर लिनक्स. हिंगोलीच्या दुकानदारानं तेच घालून दिलेलं. मधे वाईन नावाचा दुभाषा बसवावा लागतो. खेळ एका भाषेत बोलतो, वाईन दुसऱ्या भाषेत सांगतो. तो कालच बसला, म्हणून आवाज तरी आला. पण चित्र काढणारं जे कार्ड आत आहे, त्याला चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, बराबर नाही. मशीनला विचारलं. निकाल आला — डायरेक्ट रेंडरिंग: नो. म्हणजे कार्ड चित्र काढत नाही.

जुनी पाठ कविता अशीच होते. चाल आठवते, शब्द येत नाहीत. दिवसभर येरझाऱ्या.

७ नोव्हेंबर

वीज सकाळी सहा ते नऊच. घाईत सेटिंगच्या फाइलीत एक अक्षर चुकलं अन् सगळाच पडदा गेला! नुसती पांढरी अक्षरं. जुनी फाइल वहीत हातानं उतरवून ठेवली होती, म्हणून निभावलं. कविता उतरवायची सवय कामी आली.

पंचफुला चहा घेऊन आली. "काय चाललंय सकाळपासून?"

"वाईन चालू झाली, ड्रायव्हर मिळंना."

कप तसाच हातात धरून उभी राहिली. "दारू अन् ड्रायव्हर. ह्या वयात कुठं निघाले तुमी?"

हसलो नाही. लेकीची सीडी आहे, हे तिला ठाऊक आहे. मी ती रोज लावून बघतो, हे मी कबूल करत नाही.

९ नोव्हेंबर

सेनगावला जीप चालवणारा शिवहार दारात हजर. "गुरुजी, काकू म्हणल्या तुमाला ड्रायव्हर पायजे. कुठं जायचंय?"

"कुठंच न्हाई."

"मंग ड्रायव्हर काहून?"

सांगितलं समजावून. त्यानं मान डोलावली. "म्हंजे गाडी हाय, डिझेल हाय, पण ड्रायव्हरला ह्या गाडीचे गिअर ठाव न्हाईत."

इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

ड्रायव्हर काढला. दुसरा घातला. पुन्हा नो.

१२ नोव्हेंबर

कव्हरवर मदतीचा ईमेल पत्ता आहे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवलं. नाव दिलं नाही. खाली "एक वापरणारा" एवढंच.

१४ नोव्हेंबर

उत्तर आलं. तेही इंग्रजी अक्षरांत मराठी. "कार्डाला बाजूला ठेवा. चित्र प्रोसेसरकडूनच काढून घ्या. फार हळू चालेल, पण दिसेल. तकलीफ झाली, माफ करा." खाली ती ओळ कशी लिहायची तेही दिलं आहे. सही नाही.

कुणी लिहिलं असेल? तिनं? देवनागरी असती तर ऱ्हस्वदीर्घावरून माझा विद्यार्थी मी तेव्हाच ओळखला असता. या अक्षरांत वेलांटीच नाही, चुका सापडणार कशा?

१५ नोव्हेंबर

दिसलं!

चार सेकंदाला एक चित्र. आधी लिंब. मग रुळाचा तुकडा. मग कौलं, फळा, बस्करांवरची पोरं. टेबलावर माझं डस्टर. माझ्या चष्म्याचं घर, कडा उसवलेलं. ते कसं लक्षात राहिलं तिच्या?

खुर्ची रिकामी.

वर्गात चारदा जाऊन आलो. मी कुठंच नाही. छडी घेतलेला काढला असता तरी चाललं असतं.

१६ नोव्हेंबर

लिहिलं — "गुरुजींची खुर्ची रिकामी दिसते. ही ड्रायव्हरची चूक आहे का?"

तासाभरात उत्तर. "मशीननं लिहिलेला सगळा लॉग पाठवा."

पाठवला. चारशे ओळी. पाठवल्यावर वाचत बसलो. होम, मग तिरपी रेघ, मग नामाजी. दर तिसऱ्या ओळीत. मी लपवलेलं नाव मशीननं शंभर वेळा लिहिलं होतं, अन् मी ते न वाचता धाडलं. पोरांना जन्मभर सांगितलं, पेपर देण्याआधी एकदा वाचा.

१८ नोव्हेंबर

उत्तर नाही.

२१ नोव्हेंबर

नाही. मी काही न सांगता पंचफुला म्हणाली, "आज बी काई न्हाई ना?" म्हणजे तिला सगळं कळतं.

खेळ लावला नाही. पण ठोके कानात वाजतच आहेत. आखूड, लांब.

२३ नोव्हेंबर, रविवार

शिवहारची जीप दारात. "गुरुजी, ह्या खेपंला ड्रायव्हर घेऊनच आलो."

त्याच्या मागं प्रेमसिंग. गळ्यात कॅमेरा. उंबऱ्याबाहेरच थांबला. "गुरुजी, ड्रायव्हरची चूक न्हाई. खुर्ची आमीच रिकामी ठेवली. तुमाला इचारल्याबगर कसं बसवावं?" मग मान खाली घालून — "ती जीपमधी हाय. दारात पाय ठेवू नको म्हणले व्हते तुमी. उतरंना."

चष्मा आणतो म्हणून आत आलो. चष्मा डोळ्यांवरच आहे. शिवहारनं इंजिन बंद केलेलं नाही.

जातो.