धोटा तीनदा उडत नाही

मी, भिकाजी गणपत शेलटकर, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा कापड उत्पादन, नंतरचा राजकारण, दोन वेळा नगरसेवक आणि एकदा आमदार, राहणार करी रोड, मुंबई, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय करावे हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना त्यांनी विचारले, "साहेब, कुणाचा दबाव नाही ना?" दबाव आहे, पण तो त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नव्हता.

२०११ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात मी स्वतःला कामगारांचा कैवारी म्हटले होते.

१. करी रोडचा राहता फ्लॅट माझा मुलगा हितेंद्र आणि सून अनुजा यांना मिळून द्यावा. कागदावर अनुजाचे नाव आधी लिहावे. हितेंद्रने तिच्यावर हात उचललेला मी एकदा पाहिला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. काय बोलणार होतो? त्याची आई कौसल्या, माझी बायको, शेवटची वीस वर्षे डाव्या कानाने ऐकू शकत नव्हती. स्त्रियांच्या सन्मानावर दीड तास बोलून मी घरी आलो होतो आणि आमटी थंड होती. एवढेच कारण. हितेंद्रने पुन्हा हात उचलला तर त्याचा हिस्सा त्याच दिवशी अनुजाचा होईल. वकीलबाई म्हणतात, ही अट कोर्टात टिकणे कठीण आहे. टिकवा. भांडायचीच तर तुम्ही फी घेता.

२. माझी पुस्तके लालबागच्या वाचनालयाला द्यावीत. न्याय या विषयावरच्या पुस्तकांत मी लाल पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. त्या ओळी मी भाषणांत वापरल्या. घरी आणल्या नाहीत.

३. २००४ साली ज्यांनी माझे तिकीट कापले त्यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. माईक हातात घेतलाच तर वायर उपटावी. माझी स्तुतीही कुणी करू नये. १९८८ साली परळच्या नाक्यावर मी असा पेटून बोललो की सभा संपताच दोन बस जळाल्या आणि एका भाजीवाल्याचा डोळा गेला. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. भाषण मात्र मला आजही पाठ आहे.

४. आता शामराव घाडीविषयी.

लालबागमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे. 'कामगार सुरक्षेचा हुतात्मा' असा फलक मीच लावला. दर ऑगस्टमध्ये मी त्या फलकाला हार घालतो, यंत्राने गिळलेल्या माणसावर बोलतो, आणि शामरावची बायको मीराबाई हिला पहिल्या खुर्चीत बसवून साडी देतो. या चौकाच्या जोरावर मी पहिली निवडणूक जिंकलो. शामरावला यंत्राने मारले नाही. मी मारले.

आम्ही एका चाळीत वाढलो. तो गिरणीत विणकर होता. मी लालबागच्या एका गाळ्यात आठ माग टाकले होते. १९८२चा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडल्या, आणि त्याच गिरणीमालकांसाठी मी चोरून कापड विणू लागलो. शिक्का त्यांचा, घाम माझ्या माणसांचा. ऑगस्टातल्या एका दुपारी गाळ्यात मी आणि माझा विणकर राजरत्न कांबळे, दोघेच होतो. कांडीवरचे सूत संपले होते, म्हणून त्याने माग थांबवला होता. नवी कांडी भरायला मी धोटा हातात घेतला होता. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: धोटा म्हणजे सुताची कांडी घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा हातभर लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलादी अणकुची. कधीकधी तो मागावरून उडतो आणि माणसाला लागतो. सगळ्या गिरणगावाला हे ठाऊक होते.

शामराव आत आला. एकटाच.

"भिक्या, माग बंद कर."

"माझे आहेत रे. तुझ्या गिरणीचे नाहीत."

"मग कापडावर शिक्का कुणाचा मारतोस, दाखव ना."

"जा रे शाम्या. पोरं उपाशी आहेत घरी, त्यांना बघ."

"तुझ्यामुळेच उपाशी आहेत, भडव्या!"

त्याने खिशातून सुरी काढली आणि मागावरचा ताणा, म्हणजे ताणलेले उभे धागे, आडवा कापला. दोन हजार धागे एकदम सुटले आणि त्याच्या पायांवर पडले. मी धोट्याचे टोक त्याच्या कानशिलात मारले. तो मागाला धरून खाली बसला आणि "भिक्या, अरे..." एवढेच म्हणाला. तेव्हा मी दुसऱ्यांदा मारले. पहिला घाव रागाचा होता, दुसरा भीतीचा. तिसऱ्या वेळी तो हलतही नव्हता. तो तिसरा घाव का मारला, हे मी त्रेचाळीस वर्षे शोधतो आहे.

मग मी मागाचे बटण दाबले आणि राजरत्नला म्हणालो, "धोटा उडाला."

"शेठ, माग बंद होता."

"उडाला म्हणतो ना!"

शवविच्छेदनाच्या कागदावर एकच जखम लिहिली जाईल अशी व्यवस्था मी केली. राजरत्नने कोर्टात खरे सांगितले. मी गीतेवर हात ठेवून सांगितले की धोटा अडवणारा पत्रा त्याने कामाच्या घाईत काढून ठेवला होता. मी मालक होतो. तो भोईवाड्याच्या चाळीतला बौद्ध विणकर होता. कुणाचा शब्द चालेल हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी त्याचे नाव घेतले. निष्काळजीपणाबद्दल त्याला दीड वर्षाची कैद झाली. सुटल्यावर त्याला कुणी मागाजवळ उभे केले नाही. माझगावच्या गोदीत ओझी वाहता वाहता तो गेला. माणसे मारणारा विणकर, असे लोक त्याला तोंडावर म्हणत. मी ते थांबवले नाही.

५. भिवंडीचा चाळीस मागांचा कारखाना, जमिनीसकट, राजरत्नची मुलगी संघमित्रा हिला द्यावा. तिने तो चालवावा, विकावा किंवा मोडून भंगारात घालावा. घ्यायला नकार दिला तर तो तिचा अधिकार आहे. माझ्या घरच्या कुणी तिच्या दारात जाऊन तिची समजूत घालू नये. तिच्या बापाने कोर्टात सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता, हे मी इथे लिहून देत आहे.

६. गिरगावची खोली मीराबाई शामराव घाडी यांना द्यावी.

हे सहावे कलम वकीलबाईंनी नंतर खोडले आहे. का खोडले, ते माझ्याच शब्दांत लिहितो.

गेल्या ऑगस्टमध्ये हार घालून मी खाली उतरलो, तेव्हा मीराबाई जवळ आली. "भावोजी, एक विचारू काय? धोटा एकदा उडतो. तीनदा कसा?" तिने प्रेताला आंघोळ घातली होती. मी गाडीत बसलो आणि काच वर केली.

तरीही आज वकीलबाईंच्या परळच्या कार्यालयात मी तिला बोलावले आणि हे सारे तिच्यासमोर वाचले. ती रडली नाही.

"इतकी वर्षं माझ्या व्यासपीठावर का बसलात, मीरावहिनी?"

"बघत होते. तुझ्या तोंडातून कधी निघतं ते." भावोजी संपले होते. मग तिने वकीलबाईंना विचारले, "हे कधी उघडणार?"

"यांच्या पश्चात."

"म्हणजे हा हार घालून घेणार, चितेवर जाणार, आणि मग तुम्ही वाचणार? मला त्याचं काय करायचंय? तेव्हा चौकीत जाऊन मी तीन बोटं दाखवली. फौजदार म्हणाला, बाई, तू तिथे होतीस का? नव्हतीस ना, मग साक्ष कसली देतेस? आज आहे मी इथे. मला साक्षीदार करा."

वकीलबाईंनी समजावले, की ज्याला मिळकतीतून काही मिळते त्याची साक्ष असली तर उद्या कोर्टात समोरचा वकील त्यावर बोट ठेवतो.

"मग खोडा ती खोली."

"आजी, गिरगावात खोली आहे. नीट विचार करा."

"खोडा म्हटलं ना, बाय!"

७. म्हणून हा कागद माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सही होताच याची एक प्रत घेऊन मी पोलीस ठाण्यात हजर होणार आहे. खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते. मीराबाई सोबत येणार आहे. हितेंद्रने जामिनासाठी धावपळ करू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे आणि सहावे कलम सोडून सगळा कायम आहे.

सही: भिकाजी गणपत शेलटकर
ठिकाण: परळ, मुंबई
दिनांक: १० फेब्रुवारी २०२६

साक्षीदार
१) ॲड. आकांक्षा वि. मांजरेकर
२) मीराबाई शामराव घाडी, वय ६९, धंदा खानावळ. (सहीखाली स्वतःच्या अक्षरात:) याने माझ्यासमोर कबूल केले. मी इथे होते.