कुत्रं नव्हतं

२१ नोव्हेंबर
आज डाव्या पायाने अख्खं ब्लाऊज शिवून काढलं. बाहीपाशी टीप थोडी पळाली, पण शिवलं! अपघातानंतर पहिलंच. आजवर नुसतं शिकवत होते, मशीनवर बसत नव्हते. क्लासच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. "दीदी, आता उजव्याला रिटायर करा." उजव्यात गुडघ्याखाली सळई आहे. थंडीत सकाळी आधी ती जागी होते, मग मी.

दुपारी नीलेशचा फोन. मी घटस्फोटाचा अर्ज टाकल्यापासून आमचं बोलणं वकिलांमार्फतच होतं. आवाज एकदम गोड.
"भांडायचं कशाला सारिका? संमतीने घेऊ. मी सही करतो. फक्त अपघाताच्या केसमध्ये कुत्रं आडवं आलं, याला तू नाही म्हणू नको."
म्हटलं, कुत्रं नव्हतं.
"पोलिसांत तसंच लिहिलंय."
"तू लिहून दिलंस. मी तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते."
ठेवला फोन. माझा आवाज हलला नाही. चहा केला, दोन कप प्यायले.

२४ नोव्हेंबर
अठवा भागात माझ्या वकीलबेनच्या ऑफिसात. नी.चा निरोप सांगितला. त्या हसल्या. "केस दो, कोर्ट दो, और सामने आदमी एक. यही तो मुसीबत छे."
पुन्हा नीट समजावून घेतलं. मोटरसायकल नी.ची, चालवत तो होता, मागे मी. म्हणून भरपाईच्या दाव्यात तो एक नंबरचा सामनेवाला आणि विमा कंपनी दोन नंबरची. कंपनी म्हणते कुत्रं आडवं आलं, कुणाचीच चूक नाही. "उनको तो वो कुत्ता बहुत प्यारा है."
दुसरा रस्ताही आहे म्हणाल्या. कुणाची चूक ते न काढता ठरलेली रक्कम घ्यायची. कमी मिळते, पण लवकर. नी. सुटेल, सहीही देईल, घटस्फोट झटपट.
विचारलं, मग कुत्र्याचं काय?
"कागज पे रहेगा."
तेवढ्या पैशात गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन होणार नाही, हे एक. आणि ते कुत्रं जन्मभर माझ्या कागदावर बसून राहील, हे दुसरं.
विचार करून सांगते म्हटलं. खरं तर करायचा काही नव्हता.

२ डिसेंबर
आई भाजी निवडता निवडता म्हणाली, नेमकं काय झालं ते तू मला अजून सरळ सांगितलं नाहीस.
सांगितलं. सचिन गावाहून परतत होतो, तिच्याच चुलतभावाकडचं जेवण करून. लख्ख दुपार. रस्ता मोकळा. नी.च्या डाव्या हातात फोन, तो काहीतरी वाचून हसत होता. मी दोनदा म्हटलं, ठेव तो. "हो गं, झालंच." मग दुभाजक. तो उठून उभा राहिला, कोपर खरचटलेलं. माझा पाय गाडीखाली, आणि पाय कुठल्या दिशेला वळलाय ते बघून मी डोळे मिटले.
हॉस्पिटलात शुद्धीवर आले तर तो सगळ्यांना कुत्र्याचा रंगसुद्धा सांगत होता. काळं. मी म्हटलं, नीलेश, कुत्रं कुठे होतं? तर माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणतो, "तुला काय आठवणार, तू बेशुद्ध होतीस."
त्या हातानंतर मी त्याच्या घरी गेलेच नाही. हॉस्पिटलातून थेट आईकडे, डिंडोलीला.
आईने भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तो खोटं बोलना, ते त्याना तोंडनं. तू कसाले भ्यास?"
भीत नाहीच गं.

१९ डिसेंबर
फॅमिली कोर्टात समेटाची तारीख. नी. आला, सोबत सासूबाई. त्यांनी माझा पाय बघितला, मग काठी, मग लगेच दुसरीकडे.
समेटवाल्या बाईंनी विचारलं, पुन्हा एकत्र राहायची काही शक्यता? मी नाही म्हटलं.
बाहेर व्हरांड्यात सासूबाईंनी गाठलं. "त्यानी नोकरी जाई, बाई." खरं आहे. हजीऱ्याच्या एका कारखान्याची स्टाफ-बस चालवतो. चूक कबूल केली तर पोलीस केस अंगावर येणार, मग त्याच्या हाती बस कोण देईल? वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.
पण घरी येताना रिक्षात एक गोष्ट डोक्यात आली आणि वाईट वाटणं थांबलं. बसमध्ये तो फोनला हात लावत नाही. खिशातून काढून वरच्या फळीवर ठेवतो, मी स्वतः पाहिलंय. मागे चाळीस माणसं बसलेली असतात म्हणून.
त्या दिवशी मागे फक्त मी होते.

२० डिसेंबर
वकीलबेनना कळवलं. तडजोड नको. पूर्ण दावा चालवा.
"डिवोर्स लंबा चलेगा, सारिकाबेन."
म्हटलं, चालू दे. लग्न संपलंय. कागद येईल तेव्हा येईल.

१५ जानेवारी
वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. पोरींनी धरून धरून गच्चीवर नेलं. कठड्याला टेकून पतंगाची फिरकी पकडली. ऊंधियू, जलेबी, कानठळ्या. नाचता आलं नाही, ओरडता भरपूर आलं. आता घसा बसलाय.

११ मार्च
भरपाईच्या दाव्यात माझी साक्ष झाली.
सगळं गुजरातीत. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून भाषा पक्की आहे, तरी पहिलं वाक्य मराठीत निघालं. जजसाहेब म्हणाले, निरांते बोलो. मग सावकाश, निरांतेच बोलले.
विमा कंपनीचे वकील उलटतपासणीला उठले. वयस्कर, आवाज मऊ. नवऱ्यावर घटस्फोटाची केस केलीय ना? हो. म्हणजे त्याच्यावर राग आहे? आहे. मग त्या रागातूनच ही मोबाईलची गोष्ट बनवली, खरं ना?
म्हटलं, साहेब, उलटं आहे. नवऱ्याने कुत्रं आणलं म्हणून मी घटस्फोट मागितला. घटस्फोट हवा म्हणून कुत्रं घालवलं नाही.
मागे कुणीतरी हसलं. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझं वाक्य आहे तसं टाइप करायला सांगितलं, दोनदा म्हणून दाखवलं. आपलं वाक्य कुणी इतकं मन लावून ऐकलं की बरं वाटतं.
नी. शेवटच्या बाकावर होता. खाली बघत. पुढच्या तारखेला कंपनी त्यालाच साक्षीला उभा करणार. त्यांचा सगळा भरवसा त्याच्यावर.

२९ मार्च
क्लास सुटल्यावर नी. दारात. चपला काढाव्या की नाही, तेही कळेना त्याला. पोरी पांगल्या. आई आत भांडी जरा जास्तच जोरात घासायला लागली.
बस म्हटलं. बसला नाही.
"मी काय सांगू तिथे?"
"मला विचारू नकोस. वकीलबेनना कळलं की तू आलास, तर मला ओरडतील."
"सारिका, पोलीस केस होईल. नोकरी..."
"माहीत आहे."
मग त्याने मशीनकडे बघितलं. पेडल डावीकडे सरकवून घेतलंय, ते त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "जमतं?"
"जमवलं."
गेला. जाताना आईला नमस्कार केला. तिने ओल्या हातानेच "हं" म्हटलं.
रडू आलं थोडं. त्याच्यासाठी नाही. लग्नाची आठ वर्षं काही थोडी नसतात. रात्री जेवण मात्र नीट गेलं.

१८ एप्रिल
कोर्टाच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी.
सकाळी केस निघाली तशी नी.चे वकील उठले. अशील तयार नाही, मुदत द्यावी. मला वाटलंच होतं. वकीलबेननी तर डायरीत पुढची तारीख घ्यायला पेनही काढलं.
तेवढ्यात नी. स्वतः उभा राहिला. "साहेब, मुदत नथी जोइती. आजे ज बोलवुं छे." मुदत नको, आजच बोलायचंय.
त्याच्या वकिलांनी त्याचा शर्ट मागून ओढला. तो बसला नाही. जजसाहेबांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, रिसेस पछी, पहेलुं. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिलं हेच.
आता समोरच्या बाकावर बसलाय, एकटाच. सासूबाईंना रिक्षात बसवून घरी पाठवलं त्याने. त्याचे वकील येरझाऱ्या घालत काहीतरी समजावतायत, कंपनीचे वकीलही दोनदा येऊन गेले. तो कुणालाच उत्तर देत नाही. तो चेहरा मी ओळखत नाही. खरं बोलायचं ठरवल्यावर तो कसा दिसतो, हे मला कधी बघायलाच मिळालं नाही, आणि खोटंच बोलायचं असेल तरी माणूस इतका शांत बसू शकतो.
वकीलबेन विचारतायत, "टेंशन?" म्हटलं, नाही. खरंच नाही. त्याने काहीही सांगो, माझं सांगून झालंय, टाइप झालंय. पाय माझा, आणि पायाची हकीकतही माझी.
डब्यातली भाकरी अर्धी त्यांना दिली. मेथीची भाजी आवडली त्यांना.
पुकारा झाला. आधी माझं नाव, मग त्याचं. तो उठलाय.
जाते आत.