मामाजींचा बकरा

रविवार, संध्याकाळ

मटण शिजवायचा काळा गंज, आमचं मोठं पातेलं, आज मामाजींनी स्वतःच घासला.

दर रविवारी भनपुरीपलीकडच्या खेड्यातून मटण आणायचं आणि अंगणातल्या चुलीवर शिजवायचं, हा त्यांचा नेम. "जंगलात चरलेला बकरा आहे," हेही ठरलेलं. आज पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते, "आमची सून लॅबमध्ये मांस तपासून जनावर कुठलं ते सांगते."

आणि मी हसत बोलून गेली, "मामाजी, मागच्या रविवारचा तुकडा मी तपासला. मक्यावर वाढलेला निघाला. तुमचा बकरा फार्मचा आहे, फसवलं तुमाले."

काहून बोलली मी? खेड्यातही बांधलेल्या बकऱ्याला मका घालतात. एका तुकड्यावरून जनावरानं काय खाल्लं ते कळते, गाव नाही. हे मले तेव्हाही माहीत होतं. पण सगळे माझ्याकडेच पाहून राहिले होते, आणि ते मले आवडलं.

मामाजींनी जेवण उरकलं. पाहुणे गेल्यावर गंज घासला. नेहमी अंगणातल्या खुंटीला लटकतो, आज माळ्यावर ठेवला.

म्हणाले, "पुढच्या रविवारी तूच आण बेटा. तुले समजते."