ठणाणा, भाईंदर पूर्व

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

प्रिय रश्मे,

सप्रेम जय भीम. पत्राची सुरुवात नीट कर, एकदम भांडायला उठू नकोस, असं तुळसामावशींनी, तुझ्या आईनेच, बजावलंय. म्हणून आधी सगळं रीतसर. इकडे सगळे ठीक आहेत. तुळसामावशींचा गुडघा दुखतो. धम्मपालने त्यांना काठी आणून दिलीय, ती त्या दाराआड उभी करून ठेवतात आणि तशाच बाजारात जातात. तुझ्या भावाचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील असं त्यालाही वाटत नाही. माझं लॅबचं काम चालू आहे. अथर्व बारावीला आहे आणि वायफाय बंद पडलं की माझ्याशी बोलतो. तू बदली घेऊन गेलीस त्या जालन्यात सकाळी आता गार वाटत असेल. गळ्याला रुमाल बांधतेस ना?

आवाज गेल्यापासून फोन तू उचलत नाहीस ते मी समजू शकते. बोलायला गेलं की अर्धा शब्द आणि अर्धा वारा, असं कुणाला ऐकवणं तुला नको वाटतं. पण मेसेजही बघत नाहीस. मग म्हटलं, पोस्टात नोकरी करणाऱ्या बाईला आलेलं पत्र न उघडता ठेवणं तरी जड जाईल.

बातमी अशी की रविवारी दुपारी ‘ठणाणा’चा कार्यक्रम झाला. पोस्टरवर ‘शेवटचा’ असं लिहिलं होतं. जितेशचा भांड्यांचा गाळा जातोय, ती अख्खी रांग पाडून टॉवर होणार आहे. प्रेस मशीन, पॉलिशची मोटर, सगळं विकून झालंय. रिकाम्या गाळ्यात नुसता तेलाचा वास राहिलाय. जितेश म्हणाला, “जिथे सुरू केलं तिथेच बंद करूया यार. रश्मी नाही, जागा नाही, अजून किती ताणायचं?” काशीनाथ गिटारच्या तारा बदलत बसला. शेवटच्या कार्यक्रमाला कोण नव्या तारा लावतं, सांग मला.

गाळा कसा दिसत होता ते तुला सांगायला नको. तरी सांगते. माणसं शटरच्या बाहेरपर्यंत होती. नवघरची, जेसल पार्कची, विरारहून आलेली, एक जण तर पुण्याहून. आपल्या वेळची सगळी पोटं सुटलेली, केस गेलेले, आणि त्यांची कॉलेजात जाणारी पोरं. प्रत्येकाच्या हातात ताट. जितेशचे वडील चरा पडलेली, वाकडी निघालेली ताटं आपल्याला वाटून टाकायचे आणि आपण ती चमच्याने बडवायचो, ती ताटं लोकांनी जपून ठेवलीत रश्मे. एका बाईच्या ताटाला मध्ये भोकच पडलंय वाजवून वाजवून. तू पाहिलंच असशील. म्हणजे, व्हिडिओत वगैरे.

मी गेले चार दिवस एकाच गोष्टीचा विचार करतेय. आपण अठरा-एकोणीसच्या होतो तेव्हा मालाडच्या फुटपाथवरून जितेशने ती पंकची कॅसेट आणली. मला तो निव्वळ गोंगाट वाटला होता. काशीला तीन कॉर्ड येत होत्या, आणि तू म्हणालीस, “पुरेत. बाकीचा राग माझ्याकडे आहे.” मी आमच्या घरातली, दादरहून इकडे राहायला आलेली, शास्त्रीय गाण्याच्या दोन परीक्षा दिलेली मुलगी. मला राग म्हणजे यमन आणि भूप एवढंच माहीत. गॅदरिंगमध्ये तुम्ही उभे राहिलात, दुसऱ्याच गाण्याला सरांनी लाइट बंद केली, आणि तू माइक खाली ठेवून तशीच गात राहिलीस. शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येक शब्द आला. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला म्हटलं, मला एक बँड आवडलाय. आई म्हणाली, कोणता? मी म्हटलं, ठणाणा. ती म्हणाली, नाव विचारतेय, काय केलं ते नाही.

तेव्हापासून मी तुमची आहे. टँकरचं पाणी बंद झालं तेव्हा महापालिकेच्या दारात तुम्ही गायलात, मी होते. लग्नानंतर नवऱ्याला पहिल्यांदा तुमच्या कार्यक्रमाला आणलं आणि तो कानात कापूस घालून शेवटपर्यंत थांबला, म्हणून तो मला आवडायला लागला. ज्या वर्षी माझे बाबा गेले त्या वर्षी मी कुणासमोर रडले नाही, तुमच्या कार्यक्रमात ताट बडवत रडले. बाजूच्या माणसाने नुसता आपला चमचा मला दिला, माझा वाकला होता. तुम्ही मोठे झाला नाहीत, टीव्हीवर आला नाहीत. तू पोस्टात, जितेश गाळ्यात, काशी कॉलेजच्या ऑफिसात, आणि सुट्टीच्या दिवशी ठणाणा. पंचवीसेक वर्षं हे करत राहणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, कारण मला गाण्याची तिसरी परीक्षासुद्धा देता आली नाही.

तर रविवार.

काशीने सवयीने मधला माइक लावला. लावून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो काढायला गेला तर समोरून कुणीतरी म्हणालं, “राहू दे, काशीदा.” मग तो तसाच राहिला. पहिलं गाणं सुरू झालं आणि लोकच गायले. सगळे शब्द, मधली शिवी, तू जिथे श्वास घेतेस तिथे श्वाससुद्धा. ड्रमवर जितेशचा हात दोनदा चुकला. तो डोळे पुसायच्या नादात चुकला, पण घाम आला म्हणतो.

टँकरचं गाणं झालं आणि काशी म्हणाला, “झाला. आता बस.” लोक ओरडायला लागले, ‘आडनाव’ घ्या, ‘आडनाव’ घ्या. काशी म्हणाला, “तां गाना न्हाय होनार. इचारनारी न्हाय, तं जवाब कोनाला देनार?”

खरं होतं त्याचं. ते गाणं तुझ्याशिवाय होऊच शकत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तू आणि तुझी आई जेसल पार्कात भाड्याची जागा बघायला गेला होतात, एजंटने पंखा लावला, पाणी दिलं, बाल्कनी दाखवली, आणि मग गोड आवाजात आडनाव विचारलं. ते ऐकून पंखा बंद केला. हे तू मला सांगितलंस तेव्हा हसत होतीस. दुसऱ्या दिवशी गाणं तयार होतं. तू विचारायचीस, “आडनाव काय?” आणि आम्ही सगळे ताट आपटून म्हणायचो, “नाही सांगत.” माझं आडनाव मला कुठेच अडवत नाही. तरी ते ‘नाही सांगत’ म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा, अजून येतो. तुझ्यामुळे मला कळलं की मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

तू तेव्हाच निघालीस ना? काशी ‘इचारनारी न्हाय’ म्हणाला तेव्हा.

शटरच्या डाव्या खांबाला टेकून उभी होतीस. निळी ओढणी नाकापर्यंत. एक पाय मागे भिंतीला लावून उभं राहायची तुझी सवय मी कॉलेजपासून बघतेय, ओढणीने काय झाकणार आहेस? मी तुला पहिल्या गाण्यालाच पाहिलं होतं. कुणालाही सांगितलं नाही, काशीलासुद्धा नाही. तू वळलीस तेव्हा मी गर्दीतून शटरपर्यंत आले. तू गल्लीने चालली होतीस, खांदे पाडून. मी हाक मारली नाही. मारली असती तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं.

मी आत वळले तर तुळसामावशी उठून उभ्या राहिलेल्या. तुला त्या पहिल्या रांगेत दिसल्या असतीलच, धम्मपालने खुर्ची आणली होती. इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या. डोकं दुखतं म्हणायच्या. परवा मला म्हणाल्या, “पोरगी शिव्या देते आन् लोक टाळ्या वाजवतात, मला लई भ्या वाटायचं. कोण कधी उलटंल.” म्हणून त्या घरीच थांबायच्या, तू परत येईपर्यंत दार उघडं ठेवून.

त्या काठीशिवाय चालत माइकपर्यंत गेल्या. काशी धावला, त्याला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. त्या म्हणाल्या, “ते खाली घे जरा. माझ्या तोंडाशी आण.”

काशी म्हणाला, “मावशी, काय झालं?”

“मी विचारते,” त्या म्हणाल्या. “मला लई जणांनी विचारलंय. मला येतं विचारायला.”

काशीने माइक खाली केला. जितेशने ड्रमवर काठी नुसती टेकवून धरली. त्या ओरडल्या नाहीत रश्मे. त्यांनी हुबेहूब त्या एजंटसारखं, डोकं जरा कलतं करून, गोड आवाजात विचारलं, “आडनाव काय, ताई?”

मागून एक मुलगी म्हणाली, “नाही सांगत.” आणि मग सगळी ताटं एकदम वाजली.

काशीने गिटार सुरू केली. पण मावशी गाण्यातल्या शब्दांवर थांबल्याच नाहीत. गाव कोणतं? नाही सांगत. घरात खाता काय? नाही सांगत. देव्हाऱ्यात कोण आहे? नाही सांगत. पाणी कुठल्या हंड्यातलं पिता? एकेक प्रश्न खरा होता. त्यांनी हे सगळं कधी ना कधी कुणाच्या तरी उंबऱ्यात उभं राहून ऐकलेलं होतं, आणि तिथे प्रत्येक वेळी उत्तर दिलेलं होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, “मुलगी काय करते?”

लोक ‘नाही सांगत’ म्हणायला तोंड उघडून थांबले. मावशींनी वाट पाहिली, आणि मग स्वतःच उत्तर दिलं.

“गाते,” म्हणाल्या.

नुसतं एवढंच. मग सगळा गाळा ते एकच म्हणत राहिला, ताटांवर, ड्रमवर, भिंतींवर. गाते, गाते. जितेशने रडणं लपवायचं सोडून दिलं होतं.

आता पुढचं. काशीच्या चुलत्याची मिठागराकडे शेड आहे, पत्र्याची, ती मिळतेय. पोस्टरवरचं ‘शेवटचा’ आम्ही मागे घेतलंय. गायला कुणी नवीन आणायचं नाही, लोक गातात ते बास आहे, असं ठरलंय. पण शब्द कोण लिहिणार? जितेशने लिहून पाहिले, ते वाढदिवसाच्या कार्डासारखे झाले. तुळसामावशींनी तर दरडावूनच सांगितलंय, “तेच तेच किती विचारू? तिला म्हणावं, नवीन लिहून धाड.” लिहायला गळा लागत नाही रश्मे. शिव्यांना तर नाहीच लागत.

एक शेवटचं, आणि हे मला काल कळलं. मी मावशींना विचारलं, तुम्ही एकदम उठलात कशा? त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “ती चालली होती ना. मागं वळून बघितलं, तर पाठमोरी दिसली मला. पळत गेले असते तर गुडघा कुठं साथ देतो? म्हणून भोंग्यावरनं विचारलं. बाहेर भोंगा लावला होता त्यांनी. तिला ऐकू गेलं आसंल का गं?”

म्हणून आज लॅबमधून लवकर निघून गाळ्यावर गेले, जितेशला तोच माइक लावायला लावला आणि बोलत राहा म्हटलं. मी तू गेलीस त्या गल्लीने चालत गेले. वळणापर्यंत आवाज स्वच्छ येतो. रिक्षा स्टँडपर्यंतही येतो, जरा बारीक, पण शब्द कळतात. त्याच्या पुढे मेन रोडच्या हॉर्नमध्ये बुडून जातो.

तर मला एवढंच कळव. रविवारी तुला रिक्षा लगेच मिळाली, की थांबावं लागलं?

मावशींनी आज पुन्हा विचारलं.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझी आणि ठणाणाची,
गिरिजा