मायची थापी

प्रिय नितेश,

खुशाली विचारत नाही. तुह्या खुशालीशी मले सध्या काही देणंघेणं नाही. लय राग आहे डोक्यात, आणि मोठी बहीण म्हणून तो तुह्यावरच काढणार.

अमरावतीच्या तुह्या प्रदर्शनाले मायले घेऊन मीच आली होती. पातूरहून निघताना तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं; घडी मोडते म्हणून एसटीत मांडीवर पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही. आणि तिथं भिंतीवर हे मोठं लिहिलेलं, एका कुंभार घराण्याची ओळख! खाली बाबाचं नाव, तुहं नाव. माय कुठंच नाही. वरून त्या चष्मेवाल्या मॅडमनं आई काय करतात म्हणून विचारलं, तर तू हसत सांगितलं की ती घर सांभाळते. वा रे वा! लाज नाही वाटली?

आपल्यात बाईनं चाकाले हात लावायचा नाही, हे तुले माहीत आहे. पण बाबाच्या चाकावरून उतरते ते जाडंभरडं, बूड उघडं असलेलं काहीतरी. आतून दगडी गोटा धरून, बाहेरून लाकडी थापीनं ठोकून ठोकून त्याचं मडकं करते ती माय. तीच मडकी तू इथून नेतो, रंगवतो अन् कलाकार म्हणवतो. तिच्या थापीचे वळ तर तू पॉलिश पेपरनं घासूनच काढले. प्रदर्शनात मायनं त्यातलं एक मडकं उचललं, बाहेरून हात फिरवला, परत ठेवलं.  परतीच्या एसटीत अकोला आल्यावर एवढंच म्हणाली, की पोरानं गुळगुळीत केलं छान. मले रडू आलं रे.

तेव्हापासून तिनं थापी हातात धरली नाही. अकोल्याच्या प्रदर्शनासाठी तू सांगितलेली वीस मडकी चाकावरून उतरली आणि तशीच वाळून तडकली. बाबा एक दिवस स्वतः ठोकायले बसले. तीन फोडली आणि मायकडं न पाहता उठून गेले.

मी तर लिहिणार होती, की मडकी न्यायले गाडी पाठवूच नको. मायनं अडवलं. हे पत्र तिच्याच सांगण्यावरून लिहून राहिली. भिंतीवर नाव तिले नको म्हणते. तू यायचं, तिच्यासमोर पोत्यावर बसायचं, बायांसारखं, आणि थापी शिकायची. गल्ली हसली तर हसू दे. तुह्या हातचं एक मडकं पाणी धरेल, त्या दिवशी ती पुढच्या मडक्याले हात लावणार. तोवर नाही.

तुहीच ताई,
पौर्णिमा