जिन्यावर काढलेला हंगाम

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलपे उघडणे आणि किल्ल्या बनवणे, कायमचा पत्ता याच इमारतीचा तिसरा मजला, सध्याचा मुक्काम त्याच मजल्याच्या दाराबाहेरचा जिना, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरातल्या कोणाला शंका असेल तर त्यांनी आधी स्वतःचे तपासून घ्यावे. मी कसली नशा केलेली नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, कारण दडपण आणायला जवळ कोणी नाहीच. सगळे आत टीव्हीसमोर बसले आहेत आणि मला बाहेर काढून दार लावून घेतले आहे.

उद्या सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले की काळजीचे कारण नाही, आणि त्याच दमात म्हणाले की कागदपत्रांचे काही करायचे असेल तर करून घ्या. आज फुटबॉल लीगचा शेवटचा सामना आहे. जिंकलो तर आमचा निळा संघ पहिल्या श्रेणीत राहील. बरोबरी झाली किंवा हरलो तर माझ्या लग्नाआधीपासून जिथे आहोत तिथून खाली जाऊ. माझी मागणी फार मोठी नव्हती. हा एक सामना, कदाचित माझा शेवटचा, मला माझ्या माणसांमध्ये बसून बघायचा होता. ते जमले नाही, म्हणून मी हे मृत्युपत्र पायरीवर बसून, गुडघ्यावर पाट ठेवून लिहीत आहे. अक्षर वाकडे आले तर त्याचे कारण हे आहे.

कलम पहिले. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या पत्नीला. यात वाद नाही. ती सोफ्याच्या डाव्या कडेला बसून सामना बघते आणि संपेपर्यंत उठत नाही. व्याही पहिल्यांदा घरी आले तेव्हासुद्धा शिट्टी वाजेपर्यंत तिने त्यांना दारातच थांबवून ठेवले होते. असे असून सोयरीक जमली, याचे मला अजून नवल वाटते.

कलम दुसरे. सोफ्याची उजवी कड. ही जागा माझी होती आणि आहे. पण या हंगामात मी तिच्यावर बसून आपला एकही गोल पाहिलेला नाही, आणि त्याची हकिकत मृत्युपत्रात आलीच पाहिजे, नाहीतर माझ्यामागे लोक म्हणतील की म्हातारा चक्रम होता, जिन्यावर राहायचा.

हंगामाच्या पहिल्या सामन्यात शून्य-शून्य चालले होते. खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांनी शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म घालवला, त्यांची किल्ली घरात राहिली आणि दार ओढले गेले. मी उठून गेलो, दार उघडून दिले, वर येतो तर आपला गोल झालेला. मी येऊन बसलो आणि समोरच्यांनी फेडला. तेव्हा माझा जावई, जो विमा कंपनीत धोक्याचे हिशेब करतो आणि ज्याला त्याचा पगार मिळतो, तो अगदी प्रेमाने म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा परत खाली जाऊन येता का?"

मी हसलो. बाकी कोणी हसले नाही. पत्नी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "अहो, जा ना. इतकं काय त्यात."

मी गेलो. आपला दुसरा गोल झाला. तिथे माझे नशीब फुटले.

कलम तिसरे. जावयाला मी माझी सहनशक्ती ठेवून जातो, कारण त्याने ती सगळी वापरून टाकली आहे आणि त्याला नवी लागेल. आपण जिंकलो की श्रेय माझ्या बाहेर बसण्याला. हरलो की चूकही माझीच. एकदा तीन गोलने हरलो तर हा बाहेर येऊन पाहतो आणि म्हणतो, "तुम्ही आज वरून दुसऱ्या पायरीवर बसलात? तिसरीवर बसायचं ठरलं होतं ना?" कोणी ठरवले होते? कधी ठरले? माणसाने आयुष्यभर लोकांची दारे उघडून द्यावी आणि म्हातारपणी स्वतःच्या दाराबाहेर पायऱ्या मोजत बसावे, याला काय म्हणायचे ते त्यानेच सांगावे.

खालच्या बाईंचा टीव्ही आमच्यापेक्षा थोडा पुढे चालतो, त्यामुळे गोल मला जिन्यावर आधी ऐकू येतो. या हंगामातली माझी तेवढीच एक चैन होती. एकदा न राहवून मी बाहेरून ओरडलो, "झाला!" आतल्यांना तेव्हा फक्त कॉर्नर दिसत होता. जावयाने दार उघडून मला हात जोडले. तेव्हापासून मला आनंदसुद्धा थांबून थांबून करावा लागतो.

कलम चौथे. दुकान, किल्ल्या कापायचे यंत्र, सगळ्या कानशी, पकडी आणि कोऱ्या किल्ल्यांचे खोके माझ्या मुलीला. दुकान ती आताही चालवते, आणि गिऱ्हाइकाशी माझ्यापेक्षा गोड बोलते. तिने यात काही विकू नये, विशेषतः लहान चपटी कानस, जी आता मिळत नाही. मुलीबद्दल तक्रार एकच आहे. हंगामाच्या मध्यावर मी बंड केले होते. म्हटले, मी इथून हलणार नाही, बघू काय होते ते. उजव्या कडेला बसलो. संघ लागोपाठ हरत गेला आणि गुणतक्त्याच्या तळाशी जाऊन बसला. कोणी मला एक शब्द बोलले नाही. त्या न बोलण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मग एका सामन्याला मी आपणहून बाहेर गेलो, तर माझ्या पायरीवर उशी ठेवलेली होती. मुलीने शिवली होती, निळ्या कापडाची. बापाला घराबाहेर बसवायचे आणि खाली उशी द्यायची, म्हणजे न्याय झाला असे तिला वाटते. उशी मऊ आहे, हे मी मान्य करतो.

कलम पाचवे. माझा धाकटा भाऊ. हा माझ्यासोबत वडिलांचे बोट धरून निळ्यांच्या मैदानावर यायचा. लग्न झाले आणि सासुरवाडीकडून पिवळा होऊन आला. बायको करावी, तिचा संघ करायची काय गरज होती? यंदा पिवळे लीग जिंकले आहेत, कधीचेच, आणि दर सामन्यानंतर याचा फोन येतो. "दादा, तब्येत कशी आहे? आणि तुमचा संघ?" मी त्याला माझा निळा मफलर ठेवतो, एका अटीवर. त्याने तो गळ्यात घालून माझ्या दुकानापासून बस थांब्यापर्यंत दिवसाढवळ्या चालत जावे. जावयाने सोबत जाऊन खात्री करावी. मफलर काढल्यास तो जप्त करून पायपुसणे करावे.

कलम सहावे. संघाच्या मालकांना काही नाही. एका हंगामात तीन प्रशिक्षक बदलून त्यांनी काय मिळवले? पहिला बचाव करा म्हणाला, दुसरा हल्ला करा म्हणाला, तिसरा अजून काहीच बोललेला नाही. आघाडीचा जो खेळाडू परदेशातून वाजतगाजत आणला, त्याने मारलेली पेनल्टी बहुधा अजून खाली आलेली नसेल. अर्थात ही मी ऐकीव माहिती लिहीत आहे, मी जिन्यावर होतो.

मध्यंतर झाले. एक-शून्यने मागे आहोत. मुलगी चहा घेऊन बाहेर आली होती. मी विचारले, "आत येऊ का? तसेही हरतोच आहोत." ती म्हणाली, "बाबा, अजून अर्धा सामना आहे." तिने उशी सरळ केली आणि गेली. जाताना दार हळू लावले, पण लावले.

कलम सातवे. मी गेल्यावर रडारड करू नये. डोळे द्यावेत, घेणाऱ्याला सांगावे की ते या हंगामात फारसे वापरलेले नाहीत.

एक-एक झाले. आत असा आरडाओरडा झाला की भिंतीचा चुना पडला.

कलम आठवे लिहायला घेतले होते. ते कशाबद्दल होते हे आता आठवत नाही, कारण मध्येच दार उघडले. सामना संपायला थोडाच वेळ होता, अजून बरोबरीच होती, म्हणजे आपण खाली जाणार होतो. दारात मुलगी उभी होती.

"बाबा, आत या."

मी म्हटले, "का? संपला?"

"नाही संपला. तुम्ही या. बसा तुमच्या जागेवर."

तिच्यामागे जावई होता. याच माणसाने मला सबंध हंगाम पायऱ्या नेमून दिल्या होत्या. तो म्हणाला, "या बाबा. लीगचं काय, गेली तर गेली." हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

इतके दिवस ज्यासाठी भांडलो ते मला आयते मिळत होते. आणि खरे लिहायचे तर मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. डॉक्टरांनी कागदपत्रांचे काढले तेव्हा वाटली नव्हती. हे लोक मला बाहेर काढत होते तोवर त्यांच्या लेखी मी पुढच्या आठवड्यातही असणार होतो, त्याच्या पुढच्याही. आता ते माझ्यासाठी संघ सोडून द्यायला निघाले होते. मुलीचे डोळे सुजलेले होते, म्हणजे ती मध्यंतरापासून सामना बघतच नव्हती. या पोरांवर माझा फार जीव आहे. ते मी कधी तोंडाने बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

मी म्हटले, "दार लावा. माझ्यापायी संघ खाली गेलेला मला चालणार नाही. मी पुढच्या हंगामात बसेन."

मुलगी हलेना. मी ओरडलो तेव्हा हलली. जावयाने तिला आत नेले आणि दार ओढून घेतले.

ते पुन्हा उघडले. या वेळी पत्नी बाहेर आली, दार लावले, पदर सावरला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. आत सामना चालू होता. तिने उशीचा अर्धा भाग स्वतःकडे ओढून घेतला.

खालच्या बाईंना साक्षीसाठी मी आधीच सांगून ठेवले होते. त्या वर आल्या, माझी सही होताना पाहिली, स्वतःची केली आणि म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार कोण?" जावई चालणार नव्हता, त्याच्या बायकोला दुकान मिळणार होते.

"मी करते," पत्नी म्हणाली.

मी तिला समजावून सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, तसा कायदा आहे. तू सही केलीस तर पहिले कलम तुझ्यापुरते बाद होईल.

"होऊ दे बाद. तेच करायचंय मला."

"अगं, घर आहे ते."

"माहितीये. राहते मी तिथं." तिने माझ्या हातातले पेन घेतले. "मला काही ठेवून जायचं नाही. उद्या ते आटपा आणि परत या. मग पाहिजे तितकी कलमं लिहा, मी वाचून देईन."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांचे म्हणणे पडले की हे कायद्यात बसत नाही. मी म्हटले, या घरात कायद्यात काय बसते?

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, त्रासून आणि राजीखुशीने केले आहे.

सही करणार: तिसऱ्या मजल्यावरचा किल्लीवाला

साक्षीदार पहिल्या: खालच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई

साक्षीदार दुसरी: माझी पत्नी. कलम पहिले तिच्या हट्टाने बाद.

स्थळ: जिना, वरून तिसरी पायरी

तारीख: लीगचा शेवटचा रविवार

ता. क. दुसऱ्या सहीचे शेवटचे अक्षर वर ओढले गेले आहे, ते खाडाखोड समजू नये. ती सही करत असताना आत विजयाचा गोल झाला आणि जावई दारावर बुक्क्या मारत आम्हाला बोलावू लागला. पत्नीने सही पूर्ण केली, खाली रेघ मारली आणि मी उठू लागलो तेव्हा माझे मनगट धरून मला खाली बसवले. शिट्टी वाजायची होती, आणि तिला कुठलाही धोका पत्करायचा नव्हता.