रस्ता ओलांडायचा कुठून

आई, आज मी रस्ता ओलांडला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अगं, एवढ्यासाठी कागद कशाला वाया घालवतेस?" पण हा तो रस्ता आहे, माझ्या कॉलनीबाहेरचा, चार लेनचा, ज्याच्यावरून आपण दोघी भांडलो होतो. आज सकाळी दहाच्या सुमाराला, चांगलं ऊन पडलं होतं तेव्हा, मी चालत पलीकडच्या देशी किराणा दुकानात गेले, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि चालत घरी आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हा कारसीटमध्ये रडणारी माझी पोरगी आता स्वतः गाडी चालवते आणि मलाच "आई, रिलॅक्स" म्हणते. मला तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे या रस्त्याचं काय झालं ते, आणि दुसरी म्हणजे त्या दिवशी मी पोलिसाला इंग्रजीत काय म्हणाले ते. दुसरी सांगायला जड जातंय, म्हणून आधी रस्त्याचंच सांगते.

तू पहिल्यांदा आणि शेवटचीच इथं न्यू जर्सीला आलीस, तेव्हा विमानतळावरून घरी येताना मी मुद्दाम वाट वाकडी केली होती. तुला दाखवायचं होतं ना! "आई, हा बघ, हा माझा रस्ता." रस्त्यांच्या ऑफिसात लागल्यावर मला मिळालेलं ते पहिलं मोठं काम. जुन्या दोन लेनच्या चार केल्या, त्याही हायवेसारख्या ऐसपैस. कोपरे गोल केले, म्हणजे वळताना ट्रकला वेग कमी करायला नको. कडेची झाडं काढून टाकली, म्हणजे एखादी गाडी घसरली तरी आपटायला काही नको. आम्हाला शिकवलंच होतं तसं, की रस्ता असा हवा जो ड्रायव्हरच्या चुका पोटात घालेल. मी भराभर बोलत होते आणि तू सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून समोर बघत होतीस. मग म्हणालीस, "छान आहे गं. विमानसुद्धा उतरेल. पण ओलांडायचा कुठून?" मी हसले. म्हटलं, "आई, इथं कुणी चालत नाही." तू म्हणालीस, "मी चालते की." तो विषय मी तिथंच सोडून दिला आणि तुला मॉल दाखवायला लागले.

तुझ्या तोंडून तो प्रश्न येणारच होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू बाई होतीस ती आपली गावची शाळा हायवेला चिकटून आणि सगळी वस्ती पलीकडे. रोज संध्याकाळी शाळा सुटली की तू चाळीस पोरांची रांग लावायचीस, पदर खोचायचीस आणि तळहात पुढे करून थेट रस्त्यात उभी राहायचीस. ट्रकवाले करकचून ब्रेक लावायचे, कुणी शिव्या द्यायचे, कुणी नमस्कार करायचे. गतिरोधकासाठी तू किती अर्ज केलेस! हायवेवर गतिरोधक घालता येत नाही, एवढंच उत्तर आलं. मग एकदा रस्त्याचं काम करणारी माणसं डांबराची रिकामी पिंपं शाळेमागे टाकून गेली आणि तुझे डोळे चमकले. आम्हा पोरांना कामाला लावलंस. मी चौथीत होते, माझ्या केसांत चुना गेला होता आणि दोन दिवस निघाला नव्हता. पिंपांना पांढरा चुना, वर गेरूचा पट्टा, आत माती आणि झेंडूची रोपं. रस्त्याच्या दोन्ही कडांना तू ती ओळीनं मांडलीस, शाळा जवळ येईल तशी डांबराला जास्त जास्त चिकटून. गंमत म्हणजे ट्रक खरंच हळू व्हायला लागले! रस्ता एका इंचानंही कमी झाला नव्हता, नुसता अरुंद दिसत होता. हायवेचे साहेब जीप घेऊन आले आणि ओरडले, "बाई, हा हायवे आहे, तुमची बाग नाही!" तू त्यांना व्हरांड्यात बसवून चहा दिलास. चहा संपेपर्यंत ते ट्रकांकडे बघत बसले, मग कप खाली ठेवून निघून गेले. पिंपं राहिली. मी मात्र पुढं एवढी शिकले, परदेशातली डिग्री घेतली, आणि ती पिंपं साफ विसरून गेले.

आता तो बुधवार. तू येऊन तिसरा आठवडा चालू होता. बाल्कनीतून दुकानाची पाटी दिसायची, त्यावर टांगलेलं आंब्याच्या पेटीचं चित्रसुद्धा दिसायचं, आणि तरी तुला तिथं जायला शनिवारची वाट बघायला लागायची, कारण शनिवारी मी गाडी काढायचे. सिग्नल पार खाली लांब, आणि तिथवर जायला फुटपाथ नाही. इथं आलेल्या सगळ्याच आईवडिलांचं असं होतं, शनिवार आला की त्यांचा आठवडा सुरू होतो. त्या बुधवारी तू साडीखाली मी घेऊन दिलेले स्नीकर घातलेस, वर स्वेटर चढवलास आणि निघालीस. जाताना ओलांडलास, येतानाही ओलांडलास, आणि येताना चार लेनच्या मधोमध तळहात पुढे करून उभी असलेली बाई बघून कुणीतरी पोलिसांना फोन केला. ऑफिसातून धावतपळत घरी आले तर तू पोलिसाच्या गाडीत मागं बसलेली, मांडीवर मेथीची जुडी, आणि चेहऱ्यावर काय तो आनंद! "फार सज्जन आहे गं," म्हणालीस, "चहा घेणार का विचार त्याला." तो तरणाबांड पोलिस मला मॅम मॅम करत होता. माझं मात्र तोंड लाल झालं होतं. रस्ता माझा, ऑफिस माझं आणि आईही माझीच. लाजेच्या भरात मी त्याला एक वाक्य बोलले, त्यानं मान डोलावली. तू उतरलीस, त्याला व्यवस्थित "थँक यू" म्हणालीस आणि आत गेलीस.

मग मी मराठीत सुरू झाले. "हे काय आपलं गाव आहे? हात दाखवला की थांबायला हे काय तुझे ओळखीचे ट्रकवाले आहेत? मेली असतीस आज!" तू मेथी सिंकमध्ये ओतलीस आणि उभ्याउभ्या निवडायला लागलीस. "चाळीस पोरं नेली मी रोज. एकाला खरचटलं नाही," म्हणालीस. आणि माझ्याकडे न बघता, "रस्ता चुकलाय. मी नाही चुकले." त्यावर मी काय बोलावं? "आता तू मला माझं काम शिकवू नकोस," असं म्हणाले मी. तुला! जिनं मला पाटीवर पहिली रेघ मारायला शिकवली तिला. रात्री ती मेथीची भाजी इतकी सुंदर झाली होती, आणि आपण दोघी आपापल्या ताटात बघून जेवलो. त्यानंतर तू शनिवारचंही नाव काढलं नाहीस. उरलेले दोन महिने बाल्कनीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचीस. मला वाटायचं, रुसलीय. आता वाटतं, तू मोजत होतीस, दोन गाड्यांच्या मध्ये किती वेळ मिळतो ते. परत गेलीस आणि पुढच्या हिवाळ्यात गेलीसच.

गेल्या वर्षी त्या रस्त्यावर नवीन डांबर घालायची वेळ आली. डांबर नवीन घातलं की पट्टे नव्यानं आखायचेच असतात, म्हणजे लेन बदलायच्या तर तेव्हाच. त्याआधीच्या थंडीत दुधाचे कॅन घेऊन ओलांडणाऱ्या एका विद्यार्थिनीला गाडीनं उडवलं होतं. पाय मोडला, वाचली. मी तिला बघायला गेले तर ती पुण्याची निघाली. "मावशी, सिग्नलपर्यंत जायला पाहिजे होतं, माझंच चुकलं," म्हणाली. मी म्हटलं, "नाही गं बाळा, तुझं नाही चुकलं." हे वाक्य पहिल्यांदा तुला म्हणायला हवं होतं. घरी येऊन नकाशा काढला. चारच्या तीन लेन, जायला एक, यायला एक, मधली वळणाऱ्यांसाठी. सगळ्याच जरा अरुंद. कडेला झाडं. आणि दुकानासमोर बरोब्बर मध्ये कठड्याचं एक बेट, म्हणजे अर्धा रस्ता ओलांडून माणसानं जरा दम खावा आणि मग उरलेला ओलांडावा.

लोकांना सांगायची सभा झाली त्यात जी काय बोलणी खाल्ली! सगळ्यात पुढं आपल्या मराठी मंडळातले एक काका. आयुष्यभर मिशिगनला, नोव्हायमध्ये राहून गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते, आता मुलाजवळ राहायला आलेत. सभेत इंग्रजीत बोलले ते बोलले, नंतर पार्किंगमध्ये गाठून मराठीत सुरू. "अगं, मी जन्मभर गाड्या पळाव्यात म्हणून राबलो आणि तू त्यांना अडवायला बसलीस? ट्रॅफिक जॅम होईल यार, मग घे लोकांच्या शिव्या!" मीही तुझीच पोर. म्हटलं, "काका, तुमच्या गाड्या पळवायला अख्खी अमेरिका आहे, मला माझ्या मेथीपुरता तुकडा द्या." त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं. आमच्या साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. ओलांडायची सोय करायचीच तर सिग्नलजवळ कर, इथंच का? मी त्यांना गाडीत घातलं आणि दुकानासमोर घेऊन आले. कडेच्या गवतात एक पायवाट पडलेली आहे आई, दोन्ही बाजूंना, समोरासमोर. कुणाकुणाच्या आईबाबांच्या स्नीकरांनी, वर्षानुवर्षं. इथं कुणी चालत नाही, असं मीच म्हणाले होते ना? साहेब त्या पायवाटेवर चार पावलं चालले आणि म्हणाले, आधी काही आठवडे तात्पुरतं करून बघू.

तात्पुरतं करायचं म्हणजे कसं, माहितेय? पिंपं मांडून. ट्रक आला आणि माणसं भराभर उतरवायला लागली. प्लॅस्टिकची, केशरी, वर पांढरे पट्टे. मी नकाशा हातात धरून उभी होते, ती येऊन गाडीत बसले आणि ढसाढसा रडले. हसू नकोस. ती माणसं विचारायला लागली, मॅम, चुकीची आणली का? म्हटलं, नाही, अगदी हीच. मग मी स्वतः सांगून ओळीनं लावून घेतली, दुकान जवळ येईल तशी जास्त जास्त जवळ. पहिली गाडी आली आणि तिचे मागचे लाल दिवे लागले. दुसरीचे लागले. संध्याकाळी काका हजर. "मी मुद्दाम जोरात जायचं ठरवून निघालो होतो," म्हणाले, "पण ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप वर आला. काय केलंस गं?" म्हटलं, "माझ्या आईला विचारा." जॅम काही झाला नाही. आता काका मंडळात सगळ्यांना ते बेट असं समजावून सांगतात की नकाशा त्यांनीच काढला असावा. सांगू देत.

पिंपं जाऊन पक्कं काम या आठवड्यात पुरं झालं. मी पोरीला म्हटलं, चल, चालत जाऊन येऊ, तर म्हणते, "आई, इट्स जस्ट अ मीडियन!" नुसता दुभाजक म्हणे. मग एकटीच गेले. बेटावर एक आजी-आजोबा उभे होते, मुलाकडे आलेले, नागपूरचे. दोघांच्या पायांत कोरे पांढरे स्नीकर. समोरची गाडी आधीच थांबली होती, तरी आजोबांनी तळहात पुढे केला आणि मगच पाऊल टाकलं. मला म्हणाले, "थांबतात हो इथले लोक. फक्त हात दाखवावा लागतो." मी म्हटलं, "हो ना." आणि मीही हात पुढे केला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुकानातून परत येताना बेटावर उगाचच दोन मिनिटं उभी राहिले. झाडं अजून काठीएवढीच आहेत, पण लागलीत.

आता ते दुसरं. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून त्या नकाशाच्या गुंडाळीत ठेवून देणार आहे, मेथी निवडून झाली की. सभेत, रिपोर्टात, साहेबांसमोर, बेट इथंच का याची मी पुष्कळ कारणं दिली. सगळी खरी होती. पण त्या बुधवारी मी पोलिसाला जे म्हणाले ते कुणालाच सांगितलं नाही. मी म्हणाले होते, तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती गावाकडची आहे, तिला काही कळत नाही. मी मनाशी म्हणत आले की इंग्रजीत बोलले, तुला कुठं समजलं असेल. पण गाडीचं दार उघडं होतं आई, तू माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसली होतीस, आणि शाळेत आम्हाला इंग्रजी तूच शिकवायचीस.